रक्त पातळ करणारी गोळी आणि बंद रस्ते : या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि निपाणी-कोल्हापूर वाहतूक थांबली. डिसेंबर २०२२ मध्ये पाऊस नव्हता, तरी सीमावाद पेटला आणि एसटी सीमेपाशी थांबली. कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी भागातल्या कितीतरी जणांचे हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला किंवा मिरजेला, आणि मेडिकल गावात. रस्ता तुटला की डॉक्टर एका राज्यात आणि पेशंट दुसऱ्या राज्यात अडकतो. अशा वेळी पेशंट आणि घरचे लोक आपल्या मनानं जे ठरवतात, त्यातूनच बहुतेक गोंधळ होतात.

‘रोज अर्धी गोळी’ एवढंच लक्षात ठेवणं

सगळ्यात घातक चूक ही. असिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी, मूळ नाव अ‍ॅसेनोकुमॅरॉल) १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. वॉर्फचंही (मूळ नाव वॉर्फरिन) तसंच, वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या. नेहमीची २ ची पट्टी संपली, मेडिकलवाल्याकडे ४ ची होती, ती आणली आणि सवयीप्रमाणे अर्धी घेतली, तर १ ऐवजी २ मिलिग्रॅम पोटात गेले. म्हणजे रोज दुप्पट. चार-पाच दिवसांत हिरड्यांतून रक्त येऊ शकतं, अंगावर काळे-निळे डाग उठू शकतात.

म्हणून डोस गोळीत मोजू नका, मिलिग्रॅममध्ये मोजा. पट्टी हातात घेतल्यावर तीन गोष्टी वाचा : औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅमचा आकडा, मुदत. पट्टी कापून घेतली असेल तर हा मजकूर नेमका दुसऱ्या तुकड्यावर राहतो. नाव आणि आकडा असलेला तुकडाच मागून घ्या.

वॉर्फरिन आणि असिट्रॉम ही एकमेकांची बदली नव्हे. असिट्रॉम कमी मिलिग्रॅममध्ये तेवढाच परिणाम करते. वॉर्फ ५ मिळाली नाही म्हणून असिट्रॉम ५ मिलिग्रॅम घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो. बदल करायचाच झाला तर डॉक्टरांनी आकडा सांगायला हवा, आणि काही दिवसांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) बघायला हवा.

‘नव्या गोळीला तपासणी लागत नाही, म्हणजे एखाद-दुसरा दिवस चालतो’

उलट आहे. वॉर्फरिनचा परिणाम उतरायला काही दिवस लागतात. रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा परिणाम साधारण एका दिवसात ओसरतो. म्हणजे साठा संपला तर घाई या गोळ्यांना जास्त आहे. रिव्हारोक्साबॅन १५ किंवा २० मिलिग्रॅमची असेल तर ती जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल ओल धरते. ती मूळ पॅकिंगमधून काढून डबीत भरू नका, उघडूनही घेऊ नका.

चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी भरून काढणं

दिवसातून एकदाची गोळी (वॉर्फरिन, असिट्रॉम, रिव्हारोक्साबॅन) त्याच दिवशी आठवली तर घ्या. दिवस उलटला असेल तर सोडून द्या, तारीख लिहून ठेवा आणि पुढची नेहमीच्या वेळी. एपिक्साबॅन आठवताक्षणी त्याच दिवशी. डॅबिगॅट्रानच्या पुढच्या डोसला सहा तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेला सोडा. दोन डोस एकदम कधीच नाही.

गोळी संपली म्हणून इकोस्प्रिनवर भागवणं

इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ती वेगळ्या वाटेनं काम करते, ती या गोळ्यांची जागा घेत नाही. शेजाऱ्याची ‘रक्त पातळ व्हायची’ गोळीही घेऊ नका. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांनी तर रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान कधीच घ्यायची नाही; त्यांना वॉर्फरिन किंवा असिट्रॉमच लागते. एकही गोळी उरली नसेल तर वाट बघत बसू नका. डॉक्टरांना फोन करा, नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. गरज पडल्यास तिथे कातडीखाली हेपॅरिनचं (गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देता येतं.

काळजी केंद्रात ताप-अंगदुखीचं इंजेक्शन घेणं

पूरग्रस्तांच्या केंद्रात गर्दी असते, इंजेक्शन पटकन दिलं जातं. या गोळीवर असलेल्यांना कमरेच्या स्नायूत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. सुई टोचायच्या आधी सांगा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळा, ती पोटातून रक्तस्राव घडवतात. तापाला पॅरासिटामॉल चालते, पण वॉर्फरिन-असिट्रॉमवाल्यांनी रोज चार-चार गोळ्या आठवडाभर घेतल्या तर आयएनआर वाढतो. जुलाबाला मेट्रोनिडाझोल दिली तरी तेच होतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

जेवणाकडेही लक्ष द्या. घरी रोज मेथी, शेपू, पालक खाणारा माणूस तिथे आठवडाभर भात-सांबारावर राहतो. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के थांबलं, वर जुलाब किंवा उपास, म्हणजे आयएनआर चढणार. रस्ता खुला होताच आयएनआर करून घ्या. रिपोर्टवर नुसते सेकंद नकोत, आयएनआरचा आकडा हवा. बहुतेकांना तो २ ते ३ लागतो, मिट्रल जागेवरच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) धातूच्या व्हॉल्व्हला साधारण २.५ ते ३.५, तुमचा नेमका आकडा डॉक्टरांनी लिहून दिलेला असू द्या.

साठ्याचा विचार पाण्यानं वेढा घातल्यावर करणं

मे संपायच्या आत पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घेऊन ठेवा. त्या नेहमीच्या डब्यात नकोत, झिप पिशवीत आधार कार्डाबरोबर. नवी पट्टी आणली की ती पिशवीत आणि पिशवीतली जुनी वापरायला, म्हणजे मुदत संपत नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी तर महिन्याचा साठा ठेवावा, तिथे पावसात वीज आणि रस्ता दोन्ही जातात.

पिशवीत एक कार्ड ठेवा : औषधाचं मूळ नाव इंग्रजी अक्षरांत, मिलिग्रॅम, वेळ, कारण (व्हॉल्व्ह, हृदयाचे अनियमित ठोके, पायातली गुठळी), शेवटचा आयएनआर आणि तारीख, डॉक्टरांचा फोन. ‘रक्त पातळ करणारं औषध चालू आहे’ हे वाक्य कन्नडमध्येही लिहून घ्या. १०८ च्या गाडीत आणि तालुका रुग्णालयात ते आधी वाचलं जातं.

चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

‘जखम नाही, मग काय झालं?’

चिखलात घसरून डोकं आपटलं, वरून काही दिसत नाही, तरी सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी जा. आतला रक्तस्राव तासांनीही दिसू लागतो. डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, रक्ताची उलटी, नाक पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक हात लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर १०८. पुराच्या दिवसांत साप चावला तर ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, कारण विषाचा परिणाम ओळखायला ते रक्त किती वेळात गोठतं हेच बघतात.