मोठ्यांच्या वर्गात आधी त्यांना येतंय ते काढा, मग पुस्तक उघडा

दहावी बाहेरून द्यायला बसलेल्या चाळीस-पन्नाशीतल्या बायकांना शिकवायचं असेल तर पहिल्याच दिवशी फळ्यावर व्याख्या लिहू नका. मी लिहिली होती, शतमान (टक्केवारी) म्हणजे अमुक तमुक, कर्नाटकातल्या निपाणीच्या बिडीवाल्या अक्का नुसत्या बघत बसल्या आणि मला वाटलं यांना काय येतच नाही.

आता मी आधी विचारतो. अक्का, हजार बिड्या वळल्या, त्यातल्या साठ छाट (खराब) निघाल्या, तर शेकडा किती गेल्या? लगेच उत्तर येतंय, सहा. कसं काढलं ते त्यांनाच बोलायला लावा आणि त्या बोलायलेत तसंच फळ्यावर उतरवा, मध्ये तोंड घालू नका (मास्तरला गप्प बसवत नाही, तीच अडचण हाय). मग त्या 'शेकडा'शेजारी टक्क्याची खूण काढा आणि खाली पुस्तकातली रीत, 60 भागिले 1000 गुणिले 100.

पण इथंच थांबलात तर नुसत्या गप्पा झाल्या की. पेपरात बिड्या येत नाहीत. म्हणून लगेच परका आकडा द्या, 850 पोरांच्या शाळेत 34 गैरहजर, शेकडा किती? हे तोंडी पटकन सुटत नाही, मग पुस्तकातली रीत कशाला पाहिजे ते न सांगता कळतंय.

कधीकधी अनुभव आडवा पण येतो. व्याजाचं बघा. आमच्याकडं गावात उसने घेतले की 'शेकडा दोन' म्हणतात, ते महिन्याचं, म्हणजे वर्षाला 24 टक्के. पुस्तकात द.सा.द.शे., दर साल दर शेकडा, वर्षाचं. हे नाही उलगडलं तर अक्का बरोबर हिशोब करून चुकीचं उत्तर लिहितात आणि आपण लाल रेघ मारून मोकळे. त्यांना चूक म्हणू नका, तुमचा दर महिन्याचा, पेपरातला वर्षाचा, एवढंच सांगा आणि दोन्ही हिशोब शेजारी शेजारी करून घ्या, सावकार किती घेतोय ते बघून वर्ग अर्धा तास तिथंच अडकतो, अडकू दे.

कन्नड वाचायला शिकवताना बसच्या पाट्या घ्या. बोलायला येतंय सगळ्यांना, अक्षर तेवढं अडतंय. बेळगावी आणि गोकाक, दोन्हीतला 'ग' शोधायला लावा, मग निपाणीच्या पाटीवर (कन्नडात 'निप्पाणी' लिहितात) 'प'च्या खाली लटकलेला दुसरा 'प' दाखवा. ब्राझीलात शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरींनी 1963 साली अँजिकोस गावातल्या सुमारे 300 मजुरांना त्यांच्या रोजच्या शब्दांवरूनच वाचायला शिकवलं होतं.

आणि हो, कामाचं विचारा, घरचं नको. शाळा का सुटली म्हणून मी एका मावशींना सगळ्यांसमोर विचारलं होतं, त्या पुढचे दोन आठवडे आल्याच नाहीत.