आधी आतलं, मग झगा

जुन्या विलायती वेशातल्या फोटोशूटसाठी, फोटोत जे दिसणारच नाही त्या आतल्या कपड्यांवर दोन महिने घालवायचे, हे घरच्यांच्या गळी उतरवणं ही तयारीतली पहिली पायरी. दुसरी, साल ठरवणं. रत्नागिरीत शूट म्हटलं की जो तो थिबा पॅलेसचं नाव घेतो. पण तो 1910 चा, आणि आम्हाला हवा होता मागे उंच फुगवटा असलेला 1885 चा विलायती झगा. ती फॅशन 1889 च्या सुमारास ओसरली. म्हणून राजवाडा रद्द, आजोळच्या चिरेबंदी घराची पडवी पक्की.

शेमीज (अंगालगतचा सैल सदरा), ड्रॉवर्स (सैल लांब चड्डी) आणि पेटीकोटला मऊ सुती केंब्रिक, कॉर्सेटला (कंबर आवळणारी, पट्ट्या घातलेली चोळी) घट्ट विणीचं ड्रिल कापड. सगळं आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतायचं. ड्रॉवर्सचे दोन पाय फक्त कमरपट्टीला जोडायचे, मधली शिवण उघडीच ठेवायची. कॉर्सेट चढल्यावर ते खाली ओढता येत नाहीत, म्हणून तेव्हाची ही सोय. आमच्या टेलरकाकांनी ‘ताई, शिवण राहिली होती’ म्हणत ती प्रेमाने घालून दिली. समजावायला काकूंना मध्ये घ्यावं लागलं.

कॉर्सेटचा नमुना आधी मांजरपाटात शिवायचा आणि तो घालून खुर्चीत बसून बघायचं. उभ्याने बरोबर वाटलेलं माप खाली बसल्यावर बरगडीत घुसतं. पाठीमागे दोन इंच फट राहू द्यावी, नाडी आवळायला जागा हवी. त्या काळी आत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या असत. आम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानातले रुंद केबल टाय कापून, टोकं मेणबत्तीवर गोल करून घातले. पोलादी पट्ट्यांचा मोह एकदा झाला होता. खाऱ्या हवेत एक पावसाळा काढला आणि गणपतीत ट्रंक उघडली, तर पांढऱ्या कापडावर गंजाच्या रेघा. आयलेटही (नाडी ओवायच्या भोकांच्या कड्या) पितळीच घ्यावेत. शूटआधी आठ-दहा दिवस रोज तासभर घालून वावरावं. कॉर्सेट अंगावर बसतो आणि आपणही सरावतो.

झग्याच्या मागच्या फुगवट्याच्या सांगाड्याला, म्हणजे ‘बसल’ला, आकाशकंदिलाच्या कामट्या रात्रभर भिजवून वाकवल्या. स्वस्त पडतात, फक्त टेकून बसायचं नाही, स्टुलाच्या कडेवर टेकायचं. पेटीकोटला भाताच्या पेजेची खळ, तीही आदल्या दिवशी. आठवडा आधी दिली तर दमट हवेत कापडाचा लोळागोळा होतो, वर मुंग्या. झग्याचं माप मात्र हे सगळं अंगावर असतानाच घ्यायचं. साध्या कमरेवर बेतलेला झगा वाया गेलाच समजा.

शूट जानेवारीत, उन्हं कलल्यावर. न्याहारीला दोन घावणे पुरे, वालाची उसळ अजिबात नको. शेमीज, ड्रॉवर्स, मोजे, मग बूट, आणि त्यानंतरच कॉर्सेट, कारण मग वाकता येत नाही. त्यावर कॉर्सेट कव्हर, बसल, पेटीकोट. पिशवीत जादा नाडी, सेफ्टी पिना, सुईदोरा, आडोशाला जुनी चादर. उतरवताना आधी पाठची नाडी चांगली सैल करायची, मगच पुढचे हूक काढायचे. घाईत उलटं केलं की हुकांची पट्टी वाकते.