उन्हाळ्यात भाजलेली गाडी डिसेंबरात पचमढीला नेताना

पचमढीच्या वाटेवर, तामियाच्या लॉजबाहेर सकाळी साडेसहाला मी किल्ली फिरवली, तर बोनेटमधून नुसतं टक्-टक्-टक्. मागे सासूबाई शालीत गुंडाळून बसलेल्या, धाकट्याच्या तोंडात अजून टूथब्रश, आणि नवरा बाहेर उभा राहून सांगतोय, ‘पुन्हा एकदा मार.’ मारली. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि विझले. तासाभराने भाजीच्या पिकअपवाल्याने त्याच्या बॅटरीला केबल जोडून आमची गाडी चालू करून दिली. पैसे घेतले नाहीत, वर सासूबाईंना चहा पाजला.

नागपुरात परतल्यावर मी गॅरेजवाल्या भाऊंना म्हटलं, काय थंडी होती हो, बॅटरीच गेली. ते हसले. ‘ताई, थे थंडीनं नाई गेली. मे महिन्यातच गेली होती, तुमाले आता समजून राह्यलं.’

मी शाळेत गणित शिकवते. गाडीचं शिक्षण असं काही घेतलेलं नाही, पण घरात गाडी मीच चालवते, आणि भाऊंचं ते वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलं आहे. हिवाळ्यासाठी गाडी कशी तयार करावी हे जिथे तिथे लिहिलेलं असतं, त्यात बर्फ आणि गोठलेलं पाणीच जास्त. आपल्याकडे 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तो नागपूरच्या नोंदींतला नीचांक. म्हणजे आपल्या गाडीला बर्फ माहीत नाही. तिला माहीत आहे मे महिन्यात मनीषनगरच्या उघड्या प्लॉटवर, 45 अंशांत, दिवसभर उभं राहणं. त्या उन्हाने काय काय खाल्लं ते शोधणं, हीच आपली तयारी.

आणि ती निघायच्या आदल्या रात्री होत नाही. आमची ट्रिप नाताळाच्या सुट्टीत असते, म्हणून गाडी मी 10 डिसेंबरच्या आसपास गॅरेजला नेते. त्या दिवसांत विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीकडचे रस्ते कधी बंद, कधी चालू. त्या बाजूला गॅरेज असेल तर रविवार पकडा.

सुरुवात बॅटरीपासून. उष्णतेने बॅटरीच्या आतल्या प्लेटा झिजतात, पण उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून कळत नाही. थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त करंट लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी ताकद देते. म्हणून तीन उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर तपासल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. घरी साधा मल्टिमीटर असला तरी पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालू करायच्या आधी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर उत्तम. 12.4 ला थोडी चार्ज करून घ्या. 12.2 च्या खाली असेल तर दुकानात लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती किती टिकते ते बघायला सांगा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा असू शकतो, आणि नवी बॅटरी टाकूनही तुम्ही तामियातच उभे राहाल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा. वायर काढताना आधी मायनसची, लावताना मायनसची शेवटी. नाहीतर पाना बॉडीला लागून अशी ठिणगी उडते की शेजारी गच्चीवरून वाकून बघतात. (बघितलं आहे. माझंच.)

जंपर केबल आता डिकीतच असते. स्वस्तातली पातळ घेऊ नका, ती नुसतीच तापते. क्रम असा: लाल चिमटा आधी आपल्या मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याच वायरचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको.

टायर हा माझा आवडता विषय, कारण त्यात गणित आहे. तापमान 5-6 अंश उतरलं की टायरमधली हवा सुमारे 1 पीएसआयने, म्हणजे पंपावरच्या एका ‘पॉइंट’ने कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये 33 भरली आणि पचमढीच्या पहाटे, पारा 5 च्या खाली असताना मोजली, तर ती 28 च्याही खाली दिसेल. पंक्चर नाही, काही नाही, तरी हवा कमी. त्यात पाच माणसं, डिकी भरलेली, आणि छिंदवाड्याच्या अलीकडचा सिलेवानी घाट.

‘गरम झाल्यावर हवा वाढते, म्हणून लांब जाताना दोन पॉइंट कमीच ठेवा,’ असं पंपावर हमखास कोणीतरी सांगतं. ऐकू नका. कमी हवेचा टायर चालताना बाजूंनी जास्त दबतो-सुटतो, त्याने जास्त तापतो, आणि तापून फुटतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर रिकाम्या गाडीचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा असे वेगळे आकडे असतात. आपल्याला भरलेल्या गाडीचा हवा. आणि हवा भरायची सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत. संध्याकाळी वर्धा रोडवरून तापवत आणलेल्या टायरचा आकडा 3-4 ने जास्तच दिसतो. नायट्रोजन भरायचा तर भरा, पण साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

मग टायरचं वय. कडेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. 3519 म्हणजे 2019 च्या 35व्या आठवड्यात बनलेला. गोटे (टायरवरची रबराची नक्षी) भरपूर शिल्लक आहेत म्हणून लोक खूश असतात, पण उन्हात रबर न चालताही म्हातारं होतं. कडेवर केसासारख्या भेगा दिसल्या आणि वय पाच-सहा वर्षांच्या पुढे असेल, तर मी बदलते. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर घासलं असेल, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं असेल, तर मग विचारायलाच नको. ज्यांना शिर्डीला किंवा थेट मुंबईला जायचं आहे त्यांनी हे दोनदा वाचा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, सपाटीवर 120 ची मर्यादा आहे आणि सिमेंटचा रस्ता तासन् तास सरळ जातो. शहरात 40 ने निभावून नेणारा टायर तिथे निभावत नाही.

स्टेपनीतही हवा भरा. आणि निघायच्या आठवड्यात, घरासमोर, एक चाक स्वतः ढिलं करून बघा. दुकानात नट हवेच्या बंदुकीने इतके आवळतात की गाडीसोबतच्या पान्याने सुटतच नाहीत. मी पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले होते, शेजारच्या काकांनी विचारलं, ‘योगा चालू आहे काय?’ तेव्हापासून डिकीत हातभर लांबीचा लोखंडी पाइप असतो. पान्याच्या दांड्यावर चढवला की नट मुकाट्याने सुटतो. पाइप फक्त सोडवायला. आवळताना नको, बोल्ट तुटतात.

कूलंट आणि ब्रेक थोडक्यात. उन्हाळ्यात टाकीतलं कूलंट कमी झालं की आपण बाटलीतलं पाणी ओततो, दोन-तीनदा. डिसेंबरपर्यंत आत कूलंटपेक्षा बोअरचं पाणीच जास्त उरतं. आपल्याला गोठण्याची भीती नाही, पण त्या पाण्याने गंज आणि क्षार धरतात, आणि घाटात गाडी तापते. एकदा काढून, धुऊन, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट भरून घ्या. रंग जुळला म्हणून कुठलंही नको. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. मटकुलीहून पचमढी चढायची असते, पण परत यायचं म्हणजे तोच रस्ता उतरायचा. उतारावर सेकंड गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

आता धुकं. पहाटे सावनेर सोडलं की शेतांवर जी धुई बसलेली असते, ती फोटोत छान दिसते. त्यात कापसाची ट्रॉली पुढे असेल आणि तिला मागचा दिवा नसेल, तर ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हेडलाइट लोवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि लोवरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या बाजूला 0 ते 3 लिहिलेलं चाक असेल तर ते त्यासाठीच आहे. माझ्या गाडीत पाच वर्षं ते होतं, मला वाटायचं डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं असेल.

बाहेरच्या धुक्यापेक्षा आतलं धुकं मला जास्त छळतं. पाच जणांचे श्वास, बंद काचा, सासूबाईंच्या थर्मासची वाफ, आणि अर्ध्या मिनिटात समोरची काच पांढरी. मग कोणीतरी पुढे वाकून रुमालाने पुसतं आणि तिथे फराटे उमटतात. यावर उपाय: एसी चालू, तापमान गरमवर, वारा समोरच्या काचेवर, आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद. थंडीत एसी म्हटलं की गाडीत ओरड होते, पण एसी हवेतली ओल काढतो आणि हीटर ती हवा गरम करतो, दोघांना मिळून काम करू द्या. निघायच्या आदल्या दिवशी काच आतून धुऊन वर्तमानपत्राने कोरडी पुसा. प्लॅस्टिक तापून निघालेला तेलकट थर उन्हाळाभर तिथे बसलेला असतो, आणि वाफ त्यालाच चिकटते. वायपरचं रबरही उन्हाने कडक झालेलं असतं, नखाने दाबलं तर तडकतं. बदला, फार पैसे लागत नाहीत. पचमढीत सकाळी काचेवर दव किंवा पांढरा थर दिसला तर त्यावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. इंजिन चालू करून पाच मिनिटं थांबा.

उंदरांचं वेगळं सांगायला हवं. थंडी पडली की ते उबेला बोनेटमध्ये येतात. गेल्या वर्षी एअर फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत शेंगांची टरफलं, फोमचे तुकडे आणि सासूबाईंच्या हरवलेल्या वातीच्या कापसाचं घर. काही जण तंबाखू ठेवतात. आमचे उंदीर तंबाखूला भीक घालत नाहीत. फिल्टरच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घेतली आणि दर दोन दिवसांनी बोनेट उघडून वायरी बघते, एवढंच चाललं आहे.

डिकीत सगळ्यांत वर, बॅगांच्या खाली नाही, एक पिशवी: केबल, पाइप, टॉर्च, लाल त्रिकोण, जुनं ब्लँकेट, सासूबाईंच्या गोळ्यांचा जादा सेट. मध्य प्रदेशात जायचं म्हणून पीयूसी आणि इन्शुरन्सच्या तारखा बघून ठेवते, फास्टॅगमध्ये पैसे टाकते. राष्ट्रीय महामार्गावर अडकलं तर 1033, आणि काही गंभीर झालं तर 112, हे दोन आकडे मोठीच्या वहीच्या मागच्या पानावरही आहेत, कारण फोनची बॅटरीपण जाते.

पहाटे चारला निघायची हौस आम्ही सोडली. सातला निघतो. किल्ली फिरवायच्या आधी बोनेटवर दोन थापा आणि गाडीखाली एक नजर, कारण आमच्या गल्लीतली पिल्लं रात्री तिथेच झोपतात आणि मांजर तर इंजिनावर चढून बसते. पहिला थांबा सावनेरला, पोह्यांसाठी. उतरल्या उतरल्या मी चारही चाकांजवळ तळहात नेते, टेकवत नाही. एखादं चाक बाकीच्या तिघांपेक्षा फारच गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय. तिथून नागपूर जेमतेम 35-40 किलोमीटर मागे आहे, परत फिरायला हरकत नसते. 2022 मध्ये आम्ही फिरलो होतो. दुपारी पुन्हा निघालो, आणि मुलांनी त्याच टपरीवर दुसऱ्यांदा तर्री-पोहे खाल्ले.