काजूच्या हंगामातील माकडताप : बागेत जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

माकडताप हे नाव रुळले असले तरी ते काहीसे फसवे आहे, कारण माणसाला हा आजार बहुतेक वेळा गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि माकड हे त्याच विषाणूला बळी पडणारे दुसरे जनावर आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात 1957 साली माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले.

साधारण डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ असून नेमका तेव्हाच काजूचा हंगाम येतो. खसखशीच्या दाण्याएवढी अर्धवट वाढलेली गोचीड पातेऱ्यात (गळून पडलेल्या सुक्या पानांत) आणि खुरट्या झुडपांवर पुढचे पाय पसरून बसलेली असते. तिला उडता येत नाही की उडीही मारता येत नाही, त्यामुळे वाकून बोंडे वेचणाऱ्याच्या हातापायांवरून ती वर चढते.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे चढणारी गोचीड दिसते, आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. अशा सूचना बहुधा पुरुषांचा पोशाख डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या जातात. प्रत्यक्षात बोंडे वेचणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. त्यांनी साडीच्या आत सलवार किंवा लेगिंग आणि वरून पुरुषी शर्ट घालावा. उघड्या त्वचेवर डीएमपी तेल किंवा डेपा (गोचिडींना दूर ठेवणारी औषधे) लावावे आणि घामाने ते उतरत असल्यामुळे मधल्या सुट्टीत पुन्हा लावावे. विश्रांतीसाठी पातेऱ्यावर बसू नये. गोठ्यात अंथरण्यासाठी जंगलातून आणलेल्या पातेऱ्यासोबत गोचीड घरापर्यंत येते, म्हणून या महिन्यांत तो न आणलेलाच बरा. गुरांच्या अंगावरील गोचिडींसाठी पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे व कंबरपट्ट्याखाली नीट पाहावे. पाठ मात्र दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, तिला विडीचा चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे टाळावे. नंतर जागा साबणाने धुवावी.

चाव्यानंतर साधारण 3 ते 8 दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, असह्य अंगदुखी आणि उलट्या सुरू होतात. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. विषाणूवर नेमके औषध नसल्याने लवकर दाखल होणे महत्त्वाचे ठरते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण बागेत किंवा जंगलात गेलो होतो हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण सुरुवातीला हा ताप डेंग्यूसारखाच वाटतो. रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये.

मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता, त्याला हात न लावता ग्रामपंचायत, वनखाते किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि त्या जागी कीटकनाशक भुकटी टाकली जाईपर्यंत तिकडचे काम थांबवावे. ताप उतरलेल्या माणसानेही लगेच बागेत परतू नये. काही रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा येतो, आणि त्या वेळी मान आखडली, हात थरथरू लागले किंवा बोलण्यात भ्रम जाणवला, तर त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.