कलम कोणतं, दिवस कितवा: मनोरुग्णालयात हक्कांचा सल्ला देणाऱ्या नवख्यांसाठी

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात पहिल्यांदा गेलेल्या विधी स्वयंसेवकाला, नव्या वकिलाला किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) संपवून आलेल्या मुलामुलींना पाच मिनिटांत एकच वाक्य चार जणांकडून ऐकू येतं: ‘मला घरी जायचंय, सोडवा ना.’ तिथे उत्तराची घाई केली की काम बिघडतं. ‘बघतो, डॉक्टरांशी बोलतो’ म्हणालात, तर हातात नसलेलं वचन दिलंत. ‘डॉक्टर सांगतात ते ऐका’ म्हणालात, तर ते त्या माणसाला दिवसभर सगळेच सांगत असतात, तुमची गरजच नव्हती. आपल्याकडे देण्यासारखं वेगळंच काही असतं: तुम्हाला कोणत्या कलमाखाली ठेवलंय, त्याची मुदत केव्हा संपते, आणि तुम्हाला हे मान्य नसेल तर दाद कुठे मागायची. माणूस आजारी आहे का, त्याला सोडावं का, हे ठरवणं आपलं काम नाही. हे मनात पक्कं बसायला नवख्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

इंग्लंडमध्ये सक्तीने दाखल केलेल्या माणसाला २००९ पासून स्वतंत्र साहाय्यक मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. कॅनडाच्या आंटारिओ प्रांतात सक्तीच्या दाखल्यावर सही झाली की हक्क-सल्लागाराला कळवावंच लागतं. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला, पण त्यात असं वेगळं पद नाही. कलम २२ नुसार माहिती देण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवरच आहे. ज्याने दाखल करून घेतलं त्यानेच त्याविरुद्ध दाद मागायची वाट दाखवायची, ही रचना कितीही सज्जन डॉक्टर असला तरी कच्ची राहते. म्हणून कलम २७ महत्त्वाचं. या कायद्यातला कोणताही हक्क बजावण्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि ती मिळते हे रुग्णाला सांगून संपर्काचा पत्ता देणं रुग्णालयाच्या प्रमुखावर, पोलिसांवर आणि मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेला माणूस याच दारातून वॉर्डात शिरतो. आपलं स्वातंत्र्य तिथूनच येतं, त्यामुळे रुग्णालयाकडून मानधन, जेवण, गाडी, काहीच घेऊ नये.

वॉर्डात जाण्याआधी चार प्रकारचे दाखले ओळखता आले पाहिजेत. पहिला कलम ८६ चा, म्हणजे माणूस स्वतःच्या इच्छेने आलेला. दुसरा कलम ८९ चा, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाला निर्णयात आधार देणाऱ्या, त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाच्या) अर्जावरून, जास्तीत जास्त ३० दिवस. तिसरा कलम ९० चा, ३० दिवसांपुढचा: आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२० पर्यंत, त्यानंतर दर वेळी १८० पर्यंत. चौथा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाचा, कलम १०२ खाली, तपासणीसाठी फार तर १० दिवस. रस्त्यावरून पोलिसांनी आणलेली काही माणसंही याच रांगेत असतात. जुने कर्मचारी अजून ‘रिसेप्शन ऑर्डर आहे’ म्हणतात. तो १९८७ च्या कायद्यातला शब्द आहे आणि तो कायदा गेला. तेव्हा शब्दावर थांबू नका, आदेशाचा कागद आणि त्यावरची तारीख बघायला मागा.

कलम ८९ वर जरा थांबायला हवं, कारण बहुतेक हरकती इथल्याच. दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा त्याला इजेची भीती वाटावी असं वागणं, अथवा स्वतःला इजा होण्याचा धोका व्हावा इतकी स्वतःची आबाळ, यांपैकी काहीतरी दोघांनाही दिसायला हवं. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा उपाय नाही आणि माणूस खूप आधाराशिवाय स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही, हेही नमूद झालं पाहिजे. ‘घरच्यांना त्रास देतो’ किंवा ‘औषध घेत नाही’ एवढ्यावर हे कलम लागत नाही. दोन्ही प्रमाणपत्रांची वाक्यं शब्दशः सारखी असतील, तर ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द अधोरेखित करून वहीत नोंदवा. अर्जात तो मुद्दा कामी येतो.

आता दिवसांचा हिशोब. कोणी ३ जूनला कलम ८९ खाली दाखल झालं असं धरा. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, म्हणजे ६ पर्यंत, आणि पुरुष असेल तर सात दिवसांत, १० पर्यंत, रुग्णाची दाद ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवलेलं असलं पाहिजे. उपचारांना प्रतिनिधीने रुग्णाच्या वतीने संमती दिली असेल, तर निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची, म्हणजे केसपेपरवर १०, १७, २४ जून आणि १ जुलैच्या आसपास तशा नोंदी दिसायला हव्यात. दाखल झाल्याचा दिवस धरून ३० दिवस २ जुलैला भरतात. त्यापुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची नवी तपासणी लागते आणि मंडळाची परवानगीही. हा तक्ता प्रत्येक रुग्णासाठी पहिल्याच दिवशी करा. नियम माहीत असूनही मुदती निसटतात, कारण तारखा मोजायला वॉर्डात कोणी नेमलेलं नसतं.

भेटीची वेळ सिस्टरना विचारून ठरवा. गोळ्या घेतल्यावर काहींना इतकी गुंगी येते की ऐकलेलं टिकत नाही, आणि ‘समजावून सांगितलं’ अशी नोंद मात्र होते. पहिल्या भेटीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसरी भेट दोन-तीन दिवसांत हवीच. जागा अशी हवी की मामा-मावशींना (वॉर्डातल्या मदतनिसांना) आपण दिसू, पण ऐकू जाणार नाही. बसून बोला, उभ्याने नको. वय काहीही असो, ‘तुम्ही’ म्हणा आणि नाव विचारून नावाने हाक मारा. आधी चार वाक्यं सांगा: मी रुग्णालयाचा माणूस नाही, तुम्ही मला जा म्हणालात तर मी जाईन, तुम्ही सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगणार नाही, फक्त तुमच्या किंवा कोणाच्या जिवाला लगेच धोका आहे असं कळलं तर सिस्टरना सांगेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. हे शेवटचं वाक्य सुरुवातीलाच बोलायचं. मागून बोललात तर विश्वासघात वाटतो.

माहिती समजेल त्या भाषेत देणं कायद्यानेच सांगितलंय. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत मराठी न येणारी माणसं भेटू शकतात: तेलुगू, बंगाली बोलणारी, किंवा आपल्याच राज्यातली पण गोंडी, भिली बोलणारी. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला किंवा मावशींना दुभाषी करू नका. खासगी गोष्ट वॉर्डभर होते आणि भाषांतरात ‘मारलं’चं ‘ओरडले’ होतं. विधी सेवा प्राधिकरणाकडे दुभाषी मागा, लेखी मागा.

सांगून झालं की ‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही मला सांगा, तीस दिवस झाल्यावर काय व्हायला पाहिजे?’ असं विचारा. चुकलं तर पुन्हा सांगा. तरीही जमलं नाही, तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून द्या: कलम, तारीख, अर्ज कोणाकडे.

चुका कुठे होतात, तर सर्वांत जास्त कलम ८६ मध्ये. कागदावर माणूस स्वतःहून आलेला, अंगठा उठवलेला, आणि प्रत्यक्षात फाटकाला कुलूप. असा रुग्ण जायचं म्हणाला तर त्याला जाऊ द्यावं लागतं. कलम ८९ लागू होतं का हे तपासण्यासाठी अडवता येतं, पण तेही फक्त २४ तास आणि कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच. अंगठा केव्हा घेतला, तेव्हा आत आणणारे कोण होते, कागद वाचून दाखवला का, एवढं शांतपणे विचारा.

दुसरी गाठ नामनिर्देशित प्रतिनिधीची. सही करणारा नवरा किंवा भाऊ म्हणजे आपोआप प्रतिनिधी, असं सर्रास धरलं जातं. कायद्यातला क्रम असा: आगाऊ निर्देशात (उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेत) रुग्णाने नेमलेला माणूस, मग नातेवाईक, मग काळजीवाहक, मग मंडळाने नेमलेला. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून प्रतिनिधी नेमता येतो, आणि आपण नेमलेला बदलताही येतो. घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या बाईचा प्रतिनिधी म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव दिसलं, तर तोच मुद्दा आधी हाती घ्या. प्रतिनिधी नेमण्याचा अर्ज मंडळाला सात दिवसांत निकाली काढावा लागतो.

तिसरी चूक आपल्या बाजूची: दाखल झालं म्हणजे संमतीचा प्रश्न संपला, असं समजणं. कलम ८९ खालीही उपचार प्रतिनिधीच्या आधाराने रुग्णाच्या संमतीनेच व्हायचे असतात. प्रतिनिधी त्याच्या वतीने संमती देतो ती तात्पुरती, जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तेव्हाच. भूल न देता शॉक देणं, साखळीने बांधणं, एकट्याला कोंडणं यांना पूर्ण बंदी आहे. इतर बंधन घातलं तर त्याची नोंद हवी आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवणं हवं. मात्र औषधाबद्दल तुम्ही एक शब्दही बोलू नका. ‘ही गोळी नको वाटते’ असं कोणी म्हणालं, तर दुष्परिणामांची माहिती मागण्याचा त्याचा हक्क सांगा आणि प्रश्न लिहायला मदत करा. गोळी टाळायचा सल्ला देणं माणसाच्या जिवाशी खेळणं आहे.

मंडळाकडचा अर्ज सोपा असतो. नाव, संपर्क, रुग्णालय, काय घडलं, काय हवंय. फी नाही, स्टॅम्पपेपर नाही. रुग्ण, प्रतिनिधी, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. अपवादात्मक परिस्थितीत दाखल रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ स्वीकारू शकतं. कलम ८९ च्या दाखल्याला आव्हान असेल तर सात दिवसांत, ९० च्या असेल तर २१ दिवसांत, बाकीच्या बाबतीत ९० दिवसांत निर्णय व्हायला हवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत पोच मिळाल्यापासून मोजायची असते, आणि मंडळाची बैठकच लागली नाही तर उच्च न्यायालयात जायलाही हाच कागद लागतो. मंडळाच्या निर्णयावर अपील उच्च न्यायालयात, ३० दिवसांत.

सुनावणी बंद दाराआड असते. रुग्णाला स्वतः बोलायचा हक्क आहे आणि सोबत वकील किंवा स्वतःच्या पसंतीचा प्रतिनिधी आणायचाही. मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांचे दोन सदस्य असतात. या सगळ्यांसमोर भांडणाची कहाणी लांबवली तर मुद्दा हरवतो. आदल्या दिवशी एक पान तयार करा: धोक्याच्या तीन कारणांपैकी आज कोणतं लागू नाही आणि का, बाहेर गेल्यावर राहणार कुठे, औषध कोणत्या ओपीडीतून, सोबत कोण. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र वॉर्डाच्या कपाटात राहून जातं, ते आठवणीने मागून घ्या. त्याशिवाय उभा केलेला माणूस गोंधळलेला दिसतो आणि तसाच नोंदला जातो.

काहींच्या बाबतीत कलम, मुदत, सगळं केव्हाच मागे पडलेलं असतं. बरी झालेली, घरच्यांनी पत्ता बदललेली माणसं वॉर्डात वर्षं काढतात. कुटुंब नाही, कुटुंब नेत नाही, किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कलम १९ सांगतं. घर असूनही घेत नसतील, तर त्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने कायदेशीर मदत द्यायची आहे. सात-बाऱ्यावर किंवा रेशनकार्डावर नाव आहे का हे आधी शोधा. इथे घाई चालत नाही, पण दर महिन्याला एक तरी कागद पुढे सरकला पाहिजे.

या कामात यायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करता येतो. वकिलीची पदवी लागत नाही, प्रशिक्षण तिथेच मिळतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. हा नंबर रुग्णाच्या चिठ्ठीवरही लिहा, कारण ठरावीक वेळांत फोन करायचा हक्क त्याला कलम २६ ने दिलाय. वकील, मंडळाचे सदस्य, न्यायाधीश, आमदार-खासदार यांच्याशी संपर्क तर रुग्णालयाला अडवताच येत नाही. पहिल्या दिवशी एक वही, दोन पेनं, कार्बन, कोरे कागद आणि अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड न्या. मोबाइल बाहेर ठेवा, केसपेपरचा फोटो काढू नका. वहीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं लिहा, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर कलम, दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख.