जास्तीचं शोभेचं गवत वाटताय? या चुका टाळा

शोभेच्या गवताचा ठोंब काही वर्षांत चांगला पसरतो. मग मधोमध वाळून पोकळ पडतो आणि फोडावाच लागतो. एका ठोंबाचे सहा-आठ तुकडे सहज निघतात, आपल्याला हवे असतात एक-दोन. उरलेले टाकवत नाहीत, म्हणून आपण ओळखीपाळखीत विचारायला लागतो. हे छानच आहे. पण वाटलेलं बरंच गवत नव्या बागेत जगत नाही, आणि काही ठिकाणी असं फोफावतं की घेणारा हैराण होतो. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच हातात असतात.

नाव न कळता देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काही गवतं जागच्या जागी रुंद होतात: निळं फेस्क्यू, वाळा, मिस्कॅन्थसच्या बहुतेक जाती. काही मात्र जमिनीखालून धावतात. पांढऱ्या पट्ट्यांचं रिबन ग्रास हे त्यांतलं ठळक नाव. ‘कडेला लावा, छान दिसेल’ म्हणून ते दिलं, तर कडा कधीच ओलांडून ते वाफ्यात शिरलेलं असतं. असं गवत द्यायचंच असेल तर कुंडीतच लावायला सांगा.

त्याहून गंभीर प्रश्न बियांचा. पाम्पासच्या एका मोठ्या तुऱ्यात लाखभर बिया असू शकतात आणि वारा त्या दूरवर नेतो. न्यूझीलंडमध्ये पाम्पास विकायला, वाढवायला आणि वाटायलाही मनाई आहे. फाउंटन ग्रास, म्हणजे पेनिसेटम सेटेशियम, युरोपियन युनियनने २०१७ मध्ये उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. तिथे ते फुकट देणंही चालत नाही. हवाई बेटांवर याच गवताने वणव्यांना खाद्य पुरवलं आहे, कारण जळाल्यावर ते पुन्हा झपाट्याने फुटतं आणि स्थानिक झाडं मागे पडतात. जांभळ्या पात्यांचं ‘रुब्रम’ सहसा बी धरत नाही, पण तेही बऱ्याचदा ‘फाउंटन ग्रास’ याच नावाने हातोहात फिरतं. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहा आणि आपल्या भागात त्या जातीला मनाई आहे का ते आधी पाहा. ओळख पटत नसेल आणि तुरे भरघोस येत असतील, तर ते गवत न वाटलेलंच बरं.

मातीसकट ठोंब देणं

मुळांभोवती माती राहिली तर रोप जगेल, ही समजूत पक्की असते. पण त्या मातीतून काय काय जातं ते बघायचं असेल तर एक ठोंब बादलीभर पाण्यात खळखळून धुवा. शोभेच्या गवताच्या मुळ्या बारीक, गुंतलेल्या असतात. त्यांच्यात एखादी जाड, पांढरट, पेरं असलेली आणि टोकाला अणकुचीदार काडी सापडली, तर ती हरळी. दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठी दिसल्या, तर तो लव्हाळा. त्यातली एक गाठ राहिली तरी घेणाऱ्याच्या बागेत लव्हाळा कायमचा मुक्कामाला येतो. पांढरी, वाकलेली अळी दिसली तर ती बहुधा हुमणी. पात्यांच्या बुंध्याशी कापसासारखं काही चिकटलं असेल तर पिठ्या ढेकूण, आणि पात्यांवर नारिंगी भुकटी असेल तर तांबेरा. असा ठोंब कुणालाही देऊ नका.

स्वच्छ धुतलेले तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले की दोन-तीन दिवस तग धरतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत उन्हात ठेवलेले एका दुपारीत उकडून जातात.

ठोंब चुकीचा फोडणं

मधला वाळका भाग देऊ नका, फुटवा कडेलाच जिवंत असतो. प्रत्येक तुकड्याला निदान चार-पाच फुटवे आणि मूठभर मुळ्या हव्यात. हाताने ओढून तुकडे करायला गेलं की फुटवे मुळांपासून तुटतात. जुना ठोंब पहारीने किंवा करवतीनेच फोडा आणि पाती वीतभर ठेवून छाटा. वेळ म्हणाल तर नवे कोंब दिसू लागतात तेव्हाची. तुरे आलेलं गवत फोडून दिलं की ते बहुतेक वेळा मान टाकतंच.

मागेल त्याला देणं

पाम्पासच्या पात्यांच्या कडा हात कापतात, त्यामुळे मुलं खेळतात तिथे ते नको. मिस्कॅन्थसच्या मोठ्या जाती माणसाच्या उंचीच्या वर जातात, त्या छोट्या गॅलरीत काय करणार? तिथे वीतभर उंचीचं निळं फेस्क्यू शोभतं, पण त्याला ऊन हवं आणि पाण्याचा निचरा हवा. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: ऊन किती, जागा किती, पाणी साचतं का. उत्तरं ऐकून ‘तुमच्याकडे हे जमणार नाही’ असं सांगावं लागलं तर सांगा. घेणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही, महिनाभर मरतुकडं रोप बघताना जास्त वाटतं.

‘लावलं, पण वाळलं’ असा निरोप आला तर

लगेच उपटायला सांगू नका. वरची पाती वाळणं पहिल्या काही आठवड्यांत साहजिक आहे. बुंधा चिमटीत दाबून पाहायला सांगा. घट्ट लागला तर मुळं जिवंत आहेत. पाणी बेताचं द्यायचं आणि थांबायचं. मऊ, वास येणारा लागला तर तो कुजला आहे, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: ठोंब खोल पुरलेला असतो. आधी मातीची जी रेघ बुंध्यावर होती तिथपर्यंतच तो पुरायचा असतो.

कुणीच घेतलं नाही म्हणून माळावर टाकणं

हे मात्र कधीच करू नका, ओढ्याकाठी तर मुळीच नाही. बी नसलेली पाती बारीक कापून झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून वापरा. मुळं आणि जमिनीखालच्या काड्या फरशीवर पसरून पार कडकडीत वाळू द्या आणि मगच खतात घाला. बी धरलेले तुरे खतात नकोत, ते पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.