मांजरेच्या काठाला जुनं हाड दिसलं तर आधी हे करा

उन्हाळ्यात मांजरा नदी आटली की दरडीत कधीकधी हाड डोकावतं. लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीच्या बाजूला असे जीवाश्म, म्हणजे दगड झालेली जुनी हाडं, सापडलेत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी त्यावर कामही केलंय. त्यामुळं दिसलं की लगेच "मेलेलं जनावर असंल" म्हणून सोडू नका, आणि उपटून तर अजिबात काढू नका.

आधी ते हाडच हाय का बघा. आपल्याकडचा काळा दगड कुजला की कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गोटे निघतात, त्याला लोक डायनासोरचं अंडं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, ते नुसता दगड असतंय. खरं जुनं हाड आकाराच्या मानानं जड लागतं, तुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसते.

दात सापडला तर मात्र लॉटरीच. गाय-बैलाच्या दाढेवर चंद्रकोरी असतात, हत्तीची दाढ म्हणजे शेजारी शेजारी उभ्या लावलेल्या पट्ट्या, किसणीसारखी खरखरीत, आणि झिजलेल्या दाढेवर तीन पाकळ्यांचं फूल दिसलं तर पाणघोडा! हो, गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात पाणघोडे होते, हसू नका.

आता मेन गोष्ट. हाड कुठल्या थरात हाय यावरून त्याचं वय ठरवतात, मातीतून निघालं की निम्मी माहिती गेली. म्हणून शेजारी दहाचा कॉइन ठेवून एक फोटो जवळून, एक लांबून, पूर्ण दरड दिसंल असा घ्या, लोकेशन सेव्ह करा, वर किती हात माती, खाली वाळू हाय का गोटे, हे वहीत लिहा. मी पहिल्यांदा उत्साहात दाढ घरी आणली, मोटारीच्या पाइपाखाली धरली आणि पट्ट्या सुट्या होऊन बादलीत पडल्या, आजून हळहळ वाटते. धुवू नका, फेविकॉल लावू नका.

ग्रुपवर एकानं विचारलं होतं, आपल्याकडं समुद्रातले सरडे सापडतील का. नाही हो. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हाय अन् ही हाडं त्याच्यावरच्या नदीच्या गाळातली, लई अलीकडची. तसला प्राणी, इक्थिओसॉर, कच्छमध्ये भुजजवळ लोडाईला सापडला, साधारण साडेपाच मीटरचा, दिल्ली विद्यापीठाच्या गुंटुपल्ली प्रसादांच्या टीमनं 2017 मध्ये त्यावर पेपर काढला. तो डायनासोर नव्हता बरं का.

फोटो झाले की विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला नाहीतर डेक्कन कॉलेजला मेल टाका, आणि त्यांचा माणूस येईस्तोवर त्या जागेवर काट्या टाकून ठेवा, नाहीतर वाळूवाल्याचा जेसीबी आधी पोचतो.